सामाईक गिट रिपॉझिटरीत मर्ज कॉन्फ्लिक्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्या सीमाभागात एकत्र कोड लिहिणारी मंडळी क्वचितच एका खोलीत बसलेली असतात. एक जण बेळगावच्या उद्यमबागेत दिवसभर नोकरी करून रात्री लॅपटॉप उघडतो, एक खानापुरात, एक निपाणीत, एक हद्दीपलीकडे चंदगडला, आणि दोघं तरी पुण्याला किंवा बेंगळुरूला गेलेले. रिपॉझिटरी मात्र एकच, म्हणजे गिट या साधनाने बदलांच्या इतिहासासकट जपलेला सगळा कोड. मर्ज करताना, म्हणजे दोघांचं काम एकत्र जुळवताना, बदल एकमेकांना आडवे येतात; यालाच कॉन्फ्लिक्ट म्हणतात, आणि तो येणारच. तो आला की काय करायचं, याबद्दल नव्या पोरापोरींकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

उदाहरणं सगळी दूध संकलनाच्या सॉफ्टवेअरची आहेत: फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून उरलेले घन पदार्थ), दर, दहा दिवसांचं बिल आणि मराठी-कन्नड अशा दोन्ही भाषांतली पावती. डेअरीवर दूध घालणारं घर आपल्यापैकी बहुतेकांच्या जवळपास आहे, त्यामुळे आकडा चुकला तर कुणाचं नुकसान होतं हे वेगळं सांगावं लागत नाही. आज्ञा वाचायला सोप्या जाव्यात म्हणून देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या इंग्रजी अक्षरांतच टाइप करायच्या.

कॉन्फ्लिक्ट आला म्हणजे माझं काही चुकलं का?

नाही. दोघांनी एकाच जागी वेगवेगळं काम केलं, एवढाच त्याचा अर्थ.

गिट मर्ज करताना तीन प्रती बघतं: तुमची, समोरच्याची, आणि दोघांची वाट जिथून फुटली ती जुनी प्रत. या जुन्या प्रतीला मर्ज बेस म्हणतात. जमिनीच्या वादात आधी जुना उतारा काढून बघतात, तसंच. जुन्या प्रतीच्या तुलनेत एकानेच बदल केला असेल तर गिट तो बदल घेतं. दोघांनी अक्षर न् अक्षर तोच बदल केला असेल तरी अडत नाही. दोघांनी त्याच ओळीत वेगवेगळे बदल केले, किंवा एकमेकींना चिकटून असलेल्या ओळी बदलल्या, की गिट थांबतं आणि निर्णय तुमच्यावर सोपवतं. कुठला बदल बरोबर हे ठरवण्याची अक्कल त्याच्यात नाही आणि तसा आवही ते आणत नाही. ही त्याची फार मोठी सोय आहे असं मला मनापासून वाटतं. मुकाट्याने एकाचं काम पुसून टाकणारं साधन यापेक्षा कितीतरी वाईट असतं.

पुल केलं आणि स्क्रीनवर लाल अक्षरं आली. पहिलं काय करू?

पुल म्हणजे सर्व्हरवरचं नवं काम ओढून आपल्या कामात मिसळणं. काहीही टाइप करण्याआधी `गिट स्टेटस` बघा. कुठल्या फाईली आपोआप जुळल्या आणि कुठल्या अडल्या, ते तिथे स्वच्छ लिहिलेलं असतं. अडलेल्या फाईलीपुढे 'बोथ मॉडिफाइड' असं दिसेल.

आत्ता सोडवायला वेळ नसेल, डोकं चालत नसेल, तर `गिट मर्ज --अबॉर्ट` करा, पुल करण्याआधी जिथे होतात तिथे परत याल. रिबेस (आपलं काम उचलून दुसऱ्याच्या कामावर नव्याने रचणं) चालू असेल तर `गिट रिबेस --अबॉर्ट`. एक काळजी मात्र घ्या: पुल करण्याआधी कमिट न केलेले, म्हणजे गिटमध्ये नोंदवून न ठेवलेले, बदल पडून असतील तर अबॉर्ट केल्यावर ते जसेच्या तसे परत मिळतीलच याची खात्री नाही. म्हणून आधी कमिट, मग पुल. कमिट अर्धवट कामाचं असलं तरी चालेल, ते नंतर नीट करता येतं.

फाईलमध्ये <<<<<<< आणि ======= अशी चिन्हं आली आहेत. ती कशी वाचायची?

दर काढणारी एक ओळ घेऊ. तुम्ही दर दोन दशांशांपर्यंत राउंड केला. त्याच आठवड्यात निपाणीच्या मैत्रिणीने त्यात एसएनएफचा हिशेब घातला. मर्ज केल्यावर फाईलमध्ये हे दिसेल:

```
<<<<<<< हेड
दर = राउंड(फॅट * फॅट_दर, २)
=======
दर = फॅट * फॅट_दर + एसएनएफ * एसएनएफ_दर
>>>>>>> ओरिजिन/मेन
```

वरचा भाग तुमचा, खालचा बाहेरून आलेला. पण यावरून नक्की कुणी काय बदललं हे कळत नाही. मूळ ओळीतच एसएनएफ होता आणि तुम्ही तो काढलात, की तो नव्याने आला? अंदाज करत बसावं लागतं, आणि अंदाज चुकतो. म्हणून हे एकदा करून ठेवा: `गिट कॉन्फिग --ग्लोबल मर्ज.कॉन्फ्लिक्टस्टाइल डिफ३`. यापुढे मधे जुनी प्रतही दिसेल:

```
<<<<<<< हेड
दर = राउंड(फॅट * फॅट_दर, २)
|||||||
दर = फॅट * फॅट_दर
=======
दर = फॅट * फॅट_दर + एसएनएफ * एसएनएफ_दर
>>>>>>> ओरिजिन/मेन
```

आता वाचायला सोपं झालं. एकाने राउंड आणलं, दुसरीने एसएनएफ आणला. दोन्ही हवेत. म्हणजे बरोबर उत्तर वरच्या ओळीतही नाही आणि खालच्याही नाही:

```
दर = राउंड(फॅट * फॅट_दर + एसएनएफ * एसएनएफ_दर, २)
```

इथेही एक प्रश्न उरतोच. बेरीज करून मग राउंड करायचं, की फॅटचे आणि एसएनएफचे पैसे वेगवेगळे राउंड करून मग बेरीज? दोन्हींत पैशाचा फरक पडू शकतो, आणि दहा दिवसांच्या बिलात तो साठत जातो. हे गिट सांगणार नाही, कोडही सांगणार नाही. डेअरीचा सेक्रेटरी सांगेल. त्याला विचारा.

गिट २.३५ किंवा त्यापुढचं असेल (ही आवृत्ती जानेवारी २०२२ मध्ये आली) तर 'डिफ३'ऐवजी 'झेडडिफ३' लावा. दोन्ही बाजूंना सारख्या असलेल्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या ओळी तो कॉन्फ्लिक्टच्या बाहेर काढतो, वाचायला कमी उरतं.

एडिटरमध्ये 'ॲक्सेप्ट करंट' आणि 'ॲक्सेप्ट इनकमिंग' अशी बटणं येतात. कुठलं दाबू?

वरच्या उदाहरणात कुठलंही दाबलं असतं तरी एकाचं काम गेलं असतं. म्हणून आधी तिन्ही प्रती वाचा. एक बाजू खरोखर पूर्ण बरोबर आहे अशी खात्री झाली, तरच बटण. नाहीतर हाताने लिहा.

त्यात रिबेसमध्ये बाजू उलट्या होतात, हे कायम लक्षात असू द्या. साध्या मर्जमध्ये 'अवर्स' म्हणजे तुमचं आणि 'देअर्स' म्हणजे समोरच्याचं. रिबेस मात्र आधी समोरच्याच्या कामावर जाऊन उभं राहतं आणि तुमचे कमिट एकेक करून त्यावर रचतं. त्यामुळे तिथे 'अवर्स' म्हणजे मुख्य ब्रँच (ब्रँच म्हणजे कामाची वेगळी वाट, मुख्य ती सगळ्यांची) आणि 'देअर्स' म्हणजे तुमचंच काम. सवयीने बटण दाबलं की स्वतःचंच काम पुसलं जातं.

मर्ज करू की रिबेस? पुल केलं तर गिट म्हणतं, आधी ते ठरवा.

२०२१ च्या अखेरीपासून आलेल्या गिटमध्ये दोन्हीकडे नवे कमिट असतील आणि तुम्ही पद्धत ठरवून दिली नसेल तर पुल तिथेच थांबतं. आधीच्या आवृत्त्या, फार तर एक इशारा देऊन, मर्ज करायच्या.

माझं मत सरळ आहे. जी ब्रँच फक्त तुमच्या मशीनवर आहे, ती रिबेस करा, इतिहास सरळ राहतो. जी दुसऱ्या कुणी एकदा जरी घेतली आहे, ती मर्ज करा. रिबेस कमिट नव्याने लिहितं; जुने कमिट ज्याच्याकडे आहेत त्याच्याकडे तेच काम दोनदा येतं, आणि मग असे कॉन्फ्लिक्ट येतात की कुणालाच काही उमगत नाही. नवशिक्या गटाने सरसकट मर्ज केलं तरी काही बिघडत नाही.

पुश रिजेक्ट झालं. कुणीतरी फोर्स करायला सांगितलं. करू का?

मुख्य ब्रँचवर कधीही नाही. पुश, म्हणजे आपले कमिट सर्व्हरवर चढवणं, नाकारलं जातं कारण सर्व्हरवर असं काही आहे जे तुमच्याकडे नाही. फोर्स म्हणजे ते सर्व्हरवरून काढून टाका असा हुकूम. फेच करा (सर्व्हरवरचं नवं काम नुसतं उतरवून घ्या), मर्ज करा, मग पुश करा.

स्वतःच्या ब्रँचवर रिबेसनंतर फोर्स लागतोच, तेव्हा `--फोर्स-विथ-लीज` वापरा. तुम्ही शेवटचं पाहिल्यानंतर तिथे कुणी काही टाकलं असेल तर ते पुश अडवतं. मात्र मधेच फेच केलंत तर गिट समजतं की तुम्ही ते पाहिलं. म्हणून फेच केल्यावर खरोखर बघून घ्या.

कुणी आधीच फोर्स करून बसलं असेल तर हातपाय गाळू नका. ज्याच्या मशीनवर जुनी प्रत आहे त्याला सांगा, पुल करू नकोस, आहे तसं ठेव. शिवाय ज्याने काम केलं त्याच्या मशीनवर `गिट रिफ्लॉग`मध्ये जुन्या जागा सापडतात. नेहमीच्या सेटिंगमध्ये या नोंदी ९० दिवस राहतात, कुठल्याच ब्रँचला न जोडलेल्या कमिटच्या ३० दिवस. तेवढ्यात शोधलं तर कमिट केलेलं काम बहुधा मिळतंच.

दोन्ही ओळी अगदी सारख्या दिसतात, तरी कॉन्फ्लिक्ट का?

हा प्रश्न मराठीत काम करणाऱ्यांना हमखास पडतो आणि इंग्रजी मदत-पानांवर त्याचं उत्तर सापडत नाही, म्हणून जरा सविस्तर.

पावतीवरचा 'शेतकऱ्याचे नाव' हा मजकूर घ्या. त्यातला 'ऱ्या' दोन तऱ्हांनी टाइप होतो. काही कीबोर्ड 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर, मग हलन्त, मग 'या' असं टाकतात. काही साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे न दिसणारं एक जोडचिन्ह टाकतात, त्याला झीरो विड्थ जॉइनर म्हणतात. स्क्रीनवर दोन्ही एकसारखे दिसतात. गिटसाठी मात्र बाइट वेगळे, म्हणजे ओळ वेगळी. एकाने मोबाइलवरून मजकूर दुरुस्त केला आणि दुसऱ्याने लॅपटॉपवरून, की झालं. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन (अक्षरांची सारखी रूपं एक करण्याची पद्धत) चालवूनही ही दोन रूपं एक होत नाहीत. 'ॲप'मधल्या 'ॲ'चंही तेच: एक अखंड अक्षर, आणि एक 'अ' ला जोडचिन्ह व चंद्र लावून केलेलं.

गटाने एक रूप ठरवावं आणि कमिटच्या आधी चालणारी छोटी स्क्रिप्ट लिहून दुसरं रूप बदलून घ्यावं. फक्त ठरलेली जोडी बदला. फाईलमधली सगळी न दिसणारी चिन्हं सरसकट पुसू नका. कन्नड आणि मराठी दोन्हींत काही ठिकाणी ती मुद्दाम घातलेली असतात, काढली तर अक्षराचं रूप बदलतं.

अख्खी फाईलच कॉन्फ्लिक्टमध्ये दिसत असेल तर कारण बहुतेक वेळा ओळीच्या शेवटाचं असतं. विंडोज ओळ संपवायला दोन चिन्हं वापरतं, लिनक्स एक. रिपॉझिटरीत `.गिटॲट्रिब्यूट्स` फाईल ठेवून त्यात `* टेक्स्ट=ऑटो` लिहा. प्रत्येकाच्या मशीनवरच्या सेटिंगवर विसंबू नका.

आणि `गिट स्टेटस`मध्ये मराठी नावाच्या फाईलीऐवजी \३४०\२४४ असे आकडे दिसत असतील तर फाईल बिघडलेली नाही. `कोअर.कोटपाथ` हे सेटिंग 'फॉल्स' करा, नावं देवनागरीत दिसू लागतील.

मराठी आणि कन्नड मजकुराच्या फाईलीत रोज कॉन्फ्लिक्ट येतो. दोघांचं भांडण तर काहीच नाही!

भांडण नाही, शेजार आहे. एकाच फाईलमध्ये एकाखाली एक 'नाव, मराठी' आणि 'नाव, कन्नड' अशा ओळी असतील, तुम्ही वरची सुधारलीत आणि चिकोडीच्या मित्राने खालची, तर मधे न बदललेली एकही ओळ नाही, म्हणून गिट अडतं. मराठीची फाईल वेगळी आणि कन्नडची वेगळी करा. नव्वद टक्के ताप तिथेच संपावा.

उरलेला ताप फाईलच्या शेवटी असतो. नवा शब्द आला की सगळे तळाशी घालतात, म्हणजे दोघं एकाच जागी. शब्दांच्या चाव्या (कोडमध्ये प्रत्येक मजकुराला दिलेली नावं) वर्णक्रमाने लावण्याचा नियम करा, नवे शब्द विखुरले जातात. ओळीत एकच नोंद ठेवा. 'दोन्ही बाजू ठेव' असा युनियन मर्ज गिटमध्ये आहे, पण तो साध्या यादीसाठीच. जेसन या प्रकारच्या फाईलवर लावलात तर स्वल्पविराम सुटतो किंवा तीच चावी दोनदा येते.

कॉन्फ्लिक्ट आलाच नाही, पण बिल चुकलं. असं कसं?

हाच खरा धोका, आणि याबद्दल सगळ्यात कमी विचारलं जातं.

समजा `रक्कम` नावाचं फंक्शन आधी लिटर घेत होतं. दर किलोवर आला म्हणून एकाने ते किलो घेणारं केलं आणि त्याला दिसलेल्या सगळ्या ठिकाणी लिटरचे किलो करून दिले. त्याच वेळी दुसरीने आपल्या ब्रँचवर संध्याकाळच्या पावतीची नवी फाईल लिहिली, त्यात जुन्या समजुतीने लिटरच पाठवले. फाईली वेगळ्या, ओळी वेगळ्या. गिटने दोन्ही बिनबोभाट जुळवल्या. दुधाचं लिटरभर वजन साधारण १.०३ किलो भरतं. किलोला ५० रुपये धरले तर १० लिटरचे व्हायला हवेत ५१५, आणि पावती निघते ५०० ची. वेळेला १५ रुपये, दहा दिवसांत १५० रुपये एका घराचे कमी. शंभर घरं दूध घालत असतील तर हिशेब तुम्हीच करा. एकही लाल अक्षर न दिसता हे घडतं.

यावर उपाय कोड लिहितानाच करावा लागतो. फंक्शनचा अर्थ बदलला की नावही बदला: `रक्कम_किलोवरून`. मग जुन्या नावाने हाक मारणारी नवी फाईल चालायलाच नकार देईल आणि चूक उघडी पडेल. दुसरं, मर्ज झाल्यावर टेस्ट, म्हणजे कोड बरोबर चालतो का हे तपासणारे छोटे प्रोग्राम, पुन्हा चालवा. दोन्ही ब्रँचवर वेगवेगळ्या पास झाल्या होत्या याला काही अर्थ नाही. मोठी टेस्ट व्यवस्था नसेल तर एका जुन्या, तपासलेल्या बिलाचे आकडे ठेवा आणि प्रत्येक मर्जनंतर तेच बिल काढून ताडून बघा. आणि तिसरं, असा बदल करणार असाल तर गटाच्या व्हॉट्सॲपवर आधी दोन ओळी टाका.

पावसाळ्यात लाइटही जाते, नेटही जातं. दोन दिवसांनी पुल केलं की ढीगभर कॉन्फ्लिक्ट. काय करावं?

कणकुंबी, जांबोटीकडच्यांचा हा नेहमीचा प्रश्न. कमिट करायला नेट लागत नाही, म्हणून नेट नसतानाही छोटे-छोटे कमिट करत राहा. दोन दिवसांचं एकच थोराड कमिट केलंत तर कॉन्फ्लिक्टमध्ये कुठला बदल कशासाठी हे तुमचं तुम्हालाच आठवणार नाही. नेट येण्याची चिन्हं दिसली की आधी `गिट फेच` करा, ते तुमच्या फाईलींना हात लावत नाही. बाहेर काय झालंय ते लॉगमध्ये (कमिटच्या यादीत) वाचा आणि मग मर्ज करा.

नेट फारच दिवस नसेल तर `गिट बंडल` आहे. हवे ते कमिट एका फाईलमध्ये बांधून देतं. ती पेनड्राइव्हवर घालून बेळगावला जाणाऱ्या कुणाच्या हाती द्या, तिथला मित्र त्या फाईलवरून फेच करू शकतो.

हाच प्रकार नेट असूनही होतो. व्हीटीयूच्या (बेळगावच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या) शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टवर चौघं आपापलं लिहीत राहतात आणि सबमिशनच्या आदल्या रात्री एकत्र करायला बसतात. रोज एकदा मुख्य ब्रँच आपल्या ब्रँचमध्ये ओढली असती तर प्रत्येक कॉन्फ्लिक्ट दोन-चार ओळींचा असता.

एक्सेल, फोटो, लोगो यांत कॉन्फ्लिक्ट आला तर?

आत चिन्हं घालता येत नाहीत, त्यामुळे एकच बाजू निवडावी लागते: `गिट चेकआउट --अवर्स` किंवा `--देअर्स` आणि फाईलचं नाव. दोन्ही बदल हवे असतील तर एक्सेल उघडून हाताने करा. दराचा तक्ता एक्सेलऐवजी सीएसव्हीत, म्हणजे साध्या मजकुराच्या फाईलीत, ठेवला तर ही वेळच येत नाही. पॅकेज मॅनेजरची (बाहेरचा तयार कोड आणून देणाऱ्या साधनाची) लॉक फाईल, म्हणजे नेमक्या आवृत्त्यांची यादी, हाताने जुळवू नका. आधी मुख्य पॅकेज फाईलचा कॉन्फ्लिक्ट सोडवा, मग लॉक फाईलची एक बाजू घेऊन ती पॅकेज मॅनेजरकडूनच नव्याने बनवून घ्या.

'डिलीटेड बाय देम' असं येतं, म्हणजे काय?

समोरच्याने फाईल काढली आणि तुम्ही ती सुधारली. बहुतेक वेळा ती काढलेली नसते, त्यातला कोड दुसऱ्या फाईलमध्ये हलवलेला असतो. लॉग बघा, आणि तुमची सुधारणा नव्या जागी नेऊन मगच जुनी काढा.

तोच कॉन्फ्लिक्ट पुन्हा पुन्हा सोडवावा लागतो.

`रिरेरे.एनेबल्ड` हे सेटिंग 'ट्रू' करा. एकदा सोडवलेलं गिट लक्षात ठेवतं आणि तसाच कॉन्फ्लिक्ट आला की ते उत्तर लावतं. एकदा चुकीचं सोडवलं असेल तर तेही लक्षात ठेवतं. अशा वेळी `गिट रिरेरे फरगेट` आणि फाईलचं नाव.

सोडवून झालं. पुश करण्याआधी काय तपासू? आणि चुकलं तर परत फिरता येतं का?

मर्ज कमिट करण्याआधी `गिट डिफ --चेक हेड` चालवा, विसरलेली चिन्हं ते दाखवतं. प्रोग्राम चालवून बघा. मर्ज कमिटच्या संदेशात एक ओळ लिहा: कशात कॉन्फ्लिक्ट होता, काय ठेवलं, कुणाला विचारलं. सहा महिन्यांनी बिलावरून कुणी विचारायला आलं तर हीच ओळ कामी येते.

पुश व्हायच्या आधी चूक लक्षात आली तर `गिट रिसेट --मर्ज ओरिग_हेड`. पुश झालं असेल तर रिसेट नको, `गिट रिव्हर्ट -एम १` आणि त्या मर्ज कमिटचा क्रमांक. पण त्यानंतर तीच ब्रँच पुन्हा मर्ज केली तर जुने बदल परत येत नाहीत, कारण गिटच्या हिशेबी ते आधीच येऊन गेलेत. ते हवे असतील तर आधी रिव्हर्टचाच रिव्हर्ट करावा लागतो.

ज्याच्याशी कॉन्फ्लिक्ट आहे तो फोन उचलत नाही. आजच पुश करायचंय. मीच ठरवू का?

मांडणीचा, नावाचा, शब्दांच्या क्रमाचा प्रश्न असेल तर खुशाल ठरवा आणि नंतर कळवा. पैशाचा, मापाचा किंवा कुणाच्या नोंदीचा असेल तर मुख्य ब्रँचला हात लावू नका. तुम्हाला योग्य वाटतं तसं सोडवून वेगळ्या ब्रँचवर पुश करा आणि नेमका प्रश्न लिहून ठेवा. 'कॉन्फ्लिक्ट आहे, बघ' असं मोघम नको. 'तू फॅटची खालची मर्यादा ६ वरून ५.५ केलीस ती फक्त म्हशीसाठी की मिश्र दुधालाही?' असं लिहा. अशा प्रश्नाला माणूस बसमधूनही एका ओळीत उत्तर देतो. डेअरीला आज पावत्या काढायच्याच असतील तर कालची चालणारी आवृत्ती चालू द्या.